चाळणीबाईंची शेळी

कुणाच्याही घरी पाण्याचा पेला पुढे आला, की चाळणीबाई आधी तो उजेडाकडे धरायच्या. मग करंगळी बुडवून एक थेंब अंगठ्यावर घासायच्या, बोटं नाकाशी न्यायच्या आणि मगच पाणी प्यायच्या. आमच्या घरी त्यांनी पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझी बायको दुखावली. "पेले घासूनच ठेवलेत हो मॅडम," ती म्हणाली. चाळणीबाईंनी जीभ चावली. "तुमच्या पेल्यावर शंका नाय हो वहिनी. हाताला सवयच लागली. देवळात तीर्थ दिलं तरी मी असंच करते. पुजारी लई बेजार होतो माझ्यापायी."

हा किस्सा मी खूप जणांना सांगितला आहे. लोक हसतात. मीही हसतो आणि तिथंच थांबतो. त्याच्या पुढचं सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. बायकोलाही सांगितलं नाही. आता बायको राहिली नाही, आमचे शेठ राहिले नाहीत, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या चाळणीबाईही राहिल्या नाहीत. ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांच्या मनात त्यांच्याविषयी एक चुकीची गोष्ट बसली आहे. ती मीच बसवली. म्हणून हे लिहितो आहे.

त्या आपल्याच शहरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. मी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात देखभाल विभागाचा प्रमुख होतो. आमच्याकडे लेथवर लोखंड कापताना ते तापू नये म्हणून त्यावर कूलंट सोडत. कूलंट म्हणजे तेल आणि पाणी इतकं एकजीव केलेलं, की दिसायला थेट दूध. वापरून खराब झालं की ते टाकायचं कुठं, हा आमचा जुना त्रास. तेल नुसतं वर तरंगत असतं तर पळीनं काढता आलं असतं. पण ते दुधात साय मिसळावी तसं मिसळलेलं. आम्ही त्यात तुरटी, आम्ल असलं काय काय टाकून पाहायचो. त्यातून जो काळा गाळ निघायचा तो त्या दुधापेक्षा वाईट. सरकारच्या प्रदूषण खात्याची नोटीस आली तेव्हा कुणीतरी शेठना या बाईंचं नाव सांगितलं.

पहिल्याच भेटीत त्यांनी शेठच्या टेबलावर एक कागदासारखा पांढरा तुकडा ठेवला. तो त्यांनी स्वतः बनवलेला पडदा होता. काचेवर पाकासारखं चिकट द्रावण ओतायचं, सुरीनं एकसारखं पसरायचं आणि काच पाण्यात बुडवायची. पाण्यात जाताच द्रावण पांढरं होऊन त्याची पातळ साल सुटते. त्या सालीला डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं असतात. बाई सारख्या "भोकं, भोकं" म्हणत होत्या. आमचे हिशेबनीस लाजून म्हणाले, "मॅडम, छिद्रं म्हणा." त्या म्हणाल्या, "छिद्रं वर्गात म्हणते की. पण इथं कामाचं बोलायचंय ना?" वर्गात त्या शुद्ध पुस्तकी मराठी बोलत असं त्यांचे विद्यार्थी सांगत. पण काम रंगात आलं की करमाडच्या पलीकडच्या त्यांच्या वस्तीवरची बोली तोंडी यायची.

कामगारांनी त्यांचं नाव चाळणीबाई ठेवलं ते त्या पहिल्या आठवड्यातच. त्यांना ते कळलं तेव्हा रागावल्या नाहीत, पण चूक दुरुस्त केली. "चाळणी नाय रे बाबांनो. चाळणीत मोठं असतं ते अडतं, बारीक असतं ते जातं. इथं भोकं बारीक आहेतच, पण खरी गोष्ट सोयरिकीची. ह्या पडद्याची पाण्याशी सोयरीक आहे. भोकाभोकात पाणी घर करून बसलंय. तेल दारात आलं तरी पाणी त्याला आत येऊ देत नाय. पण घर एकदा कोरडं पडलं, की मग पहिला जो शिरेल त्याचं घर. तेल शिरलं की ते काय पुन्हा निघत नाय." हे वाक्य मी तेव्हा ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

शेडच्या मागं, लिंबाच्या झाडाखाली त्यांना जागा मिळाली. चौकटींमध्ये दाबून बसवलेले पडदे, एक पंप, दोन पिंपं, असं ते यंत्र. त्याला त्यांनी नाव दिलं शेळी. "जगातली शेळी पाणी पिते, दूध देते. माझी शेळी दूध पिते, पाणी देते." आणि खरंच, एका नळीतून ते पांढरं कूलंट आत जायचं आणि दुसरीकडून नितळ पाणी ठिबकायचं. तेल मागे पिंपात दाट होत राहायचं. ते पाणी त्या काचेच्या पेल्यात घ्यायच्या, पेल्यामागे त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरायच्या आणि जो समोर असेल त्याला वाचायला लावायच्या. बातमी वाचता आली की शेळी पास. आमचे शेठ एकदा त्या पेल्यातून शेअर बाजाराचे भाव वाचत बसले, तेव्हा त्या म्हणाल्या, "शेठ, आता चष्मा विका."

यंत्रावर सलीमभाईची नेमणूक होती. हा आमचा कंत्राटी ऑपरेटर. त्याची आणि बाईंची गट्टी जमली. ती दोघं लिंबाखाली बसून डबा खायची. एकदा सलीमभाईनं घरून नान खलिया आणला. मटणाच्या रश्शावर बोटभर लाल तर्री. बाई त्या तर्रीकडे बघत राहिल्या. सलीमभाई म्हणाला, "मॅडम, अब इसमें भी शेळी लगाते क्या? खाओ ना!" बाई हसल्या. "नाय रे. हे वर येतं ते तेल भोळं. समोर येऊन उभं राहतं. जे आत मिसळून, काही झालंच नाय असं दाखवत बसतं ना, त्याच्याशी माझं भांडण."

मला बाई आवडत नव्हत्या, हेही सांगून टाकतो. काम चोख होतं, पण माझ्या माणसांसमोर त्या मला टोकायच्या. "साहेब, हा व्हॉल्व्ह कुणी पिरगाळला? लग्नात नवरीचा हात पिरगाळल्यासारखा?" माणसं खुदखुदायची. आणि आणखी एक होतं. आमची बिडकीनला जमीन. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात मेंढपाळ यायचे, खतासाठी शेतात मेंढ्या बसवायचे, ओट्याखाली उभं राहून वडिलांशी बोलायचे. ओट्यावर कधी चढत नसत. बाईंनी एकदा सहज म्हटलं, "आमचा बाप बिडकीनच्या शिवारात मेंढ्या बसवायचा, साहेब. तुमच्याच रानात बसल्या असतील की!" त्या आनंदानं म्हणाल्या होत्या, ओळख निघाल्यासारख्या. मी नुसतं "असेल" म्हटलं आणि उठून गेलो. ओट्याखालचं माणूस माझ्या खुर्चीसमोर बसून मला व्हॉल्व्ह शिकवतं आहे, असं काहीतरी माझ्या मनात आलं. त्याची आज लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

शेळी पूर्ण पावसाळा चालली. शेठ खूश होते. दसऱ्यानंतर खात्याचे अधिकारी येऊन बघणार, त्यांनी होकार दिला की शेठ मोठं यंत्र बसवणार, आणि त्या भरवशावर कॉलेज बाईंना स्वतंत्र प्रयोगशाळा देणार, असं ठरलं होतं. कॉलेजातल्या जिन्याखालच्या खोलीत त्या पडदे ओतायच्या, तिथून त्यांना हक्काची जागा मिळणार होती. त्या खोलीला खिडकी नव्हती. "मला फक्त एक मोठी खिडकी पाहिजे," त्या म्हणायच्या. "पडदा उजेडात धरून बघता आला पाहिजे. बाकी मग तुमचा पंखा नसला तरी चालंल."

मग खंडेनवमी आली. कारखान्यात खंडेनवमी म्हणजे काय ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. आदल्या दिवसापासून यंत्रं धुवायची, पुसायची, सकाळी प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढे नारळ. पूजा झाली की यंत्राला हात लावायचा नाही, दसरा होईपर्यंत त्यानं विसावा घ्यायचा. बाईंना हे माहीत होतं म्हणून त्या आधीच येऊन सांगून गेल्या. "साहेब, हार घाला, नारळ फोडा, काय पाहिजे ते करा. पण शेळीचा पंप बंद नाय करायचा. सणाचा दिवस म्हणून कुणी शेळीची धार काढायची ठेवतं का? दसऱ्याला आमच्या वस्तीवर आधी धार, मग सोनं." मी मान हलवली. दसऱ्याला त्या वस्तीवर जाणार होत्या.

त्या वर्षी पूजेला शेठच्या आई येणार होत्या. थोरल्या सुनेनं सगळ्या यंत्रांभोवती रांगोळी काढली होती, शेळीभोवतीही. शेळीच्या एका सांध्यातून थेंब थेंब पाणी गळायचं. ते बाईंनाही माहीत होतं, त्यात काही बिघाड नव्हता. पण त्या ओघळानं रांगोळीची एक बाजू वाहून गेली. सून म्हणाली, "भाऊ, हे जरा बघा ना." मी सलीमभाईला म्हटलं, पंप बंद कर, सगळं पाणी काढून टाक आणि कोरडं पुसून घे.

सलीमभाई उभाच राहिला. "साब, नक्को करो. मॅडम क्या बोले सो याद है ना?"

"पूजा होऊ दे. संध्याकाळी भरून चालू करू."

"साब, धूप भी लई है."

"तू करतोस का मी करू?"

त्यानं केलं. रांगोळी पुन्हा काढली गेली. शेठच्या आईंनी शेळीला ओवाळलं, "हे काय बाई नवीन यंत्र," म्हणून कौतुकानं विचारलं आणि मी त्यांना ऐटीत समजावून सांगितलं. संध्याकाळी मी बिडकीनला गेलो. सलीमभाईच्या हाती पंपाच्या स्विचची किल्ली दिली नाही, कारण पूजेनंतर कुणी यंत्राला हात लावू नये असा शेठचा हुकूम होता. आणि त्या हुकमातून शेळीला वगळायला हवं, हे शेठना सांगायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. गावात सोनं वाटलं, जेवणावळी झाल्या. आश्विनातलं ऊन शेडच्या पत्र्यावर आणि मागं लिंबाखालीही तापत होतं. शेळी झेंडूचा हार घालून कोरडी पडली होती.

परत आल्यावर मी पाहिलं तर चौकटीत पडदे सुकून कागदासारखे वाजत होते. मला त्यांचं ते सोयरिकीचं बोलणं आठवलं. तरी मी ठरवलं, की भरलं की होईल पूर्ववत. बाई यायच्या आत कूलंट भरून पंप सुरू करायला लावला.

खात्याचे अधिकारी, शेठ, बाई, सगळे एकदमच आले. बाईंनी नवी साडी नेसली होती. पेल्यात पाणी घेतलं. ते पाणी नव्हतं, दूधच होतं. नळीतून आत जात होतं तसंच बाहेर येत होतं. त्यांनी सवयीनं पेल्यामागे वर्तमानपत्र धरलं आणि स्वतःच वाकून वाचायला गेल्या. काहीच दिसत नव्हतं. मागच्या नालीतून ते पांढरं पाणी शेजारच्या कंपनीच्या कुंपणाकडे चाललं होतं. अधिकारी शेठकडे बघायला लागले. शेठ लाल झाले.

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. आरोपाचा नव्हता. आजाऱ्याच्या घरच्यांना डॉक्टर विचारतो तसा.

"साहेब, सणात पंप बंद होता का?"

शेठ माझ्याकडे बघत होते. त्या वर्षी माझी कारखाना व्यवस्थापक म्हणून बढती व्हायची होती. सलीमभाई पंपाशेजारी खाली मान घालून उभा होता.

"नाही," मी म्हटलं. "चालूच होता."

बाईंनी पेला खाली ठेवला. "मग माझंच काही चुकलं," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्यावर शंका घेतली नाही, हे मला पुढे सगळ्यांत जास्त जाचलं. पाण्याच्या प्रत्येक पेल्यावर शंका घेणारी ही बाई. माझा शब्द तिनं उजेडाकडे न धरता घेतला. शेठनी यंत्र दुसऱ्याच दिवशी हलवायला सांगितलं. "कॉलेजातली खेळणी कॉलेजात ठेवा," असं ते त्यांच्या तोंडावर बोलले. कॉलेजची खिडकीची खोली दुसऱ्या विभागाला गेली. मी व्यवस्थापक झालो. काही दिवसांनी सलीमभाई माझ्या केबिनच्या दाराशी आला. "साब, मॅडम को बोल देते तो अच्छा होता. उनो खाली-पिली अपने आप को कोस रहे. मैं बोलूं तो मेरी रोजी जाती." मी त्याला म्हटलं, झालं ते झालं, आता विषय काढू नकोस. त्यानं काढला नाही. पुढे त्यानं काम सोडलं आणि तो मुलाकडे राहायला गेला.

चाळणीबाई शिकवत राहिल्या. त्यांचे विद्यार्थी कधी भेटत, ते हसत हसत सांगायचे, की मॅडम प्रत्येक वर्षी एकाला तरी तोच प्रश्न देतात: एक पडदा पावसाळाभर चांगला चालला आणि दसऱ्यात मेला, तर का मेला ते शोध. मुलं पडदे ओतायची, महिनोन् महिने चालवायची, कारण काढायला जायची. पडदा काही मरायचा नाही. मग मॅडम स्वतःच म्हणायच्या, आपल्याच ओतण्यात तेव्हा काही खोट राहिली असेल. मुलांना ती गंमत वाटायची. वर्षानुवर्षं त्या बाई जिथं चूक नव्हतीच तिथं ती शोधत राहिल्या.

एकदा गुलमंडीच्या बाजारात त्या अचानक भेटल्या. केस पांढरे झाले होते. हातात भाजीची पिशवी, डोक्यात तेच. रस्त्यातच उभं राहून बोलायला लागल्या. "साहेब, सगळं करून पाहिलं. साबण जास्त घातला, आम्ल घातलं, दाब वाढवला. तसं धडधडीत दूध पडद्यातून कुठं सुटत नाय. फक्त पडदा वाळवला की सुटतं. हुबेहूब तसंच. पण तो तर वाळलाच नव्हता ना." आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्या एका क्षणी त्यांच्या मनात आलं असावं. किंवा मलाच तसं वाटलं. मी म्हटलं, "आता कशाला त्या जुन्या गोष्टी, मॅडम." त्या म्हणाल्या, "व्हय, तेही खरंच," आणि गर्दीत गेल्या.

निवृत्तीनंतर, बायको गेल्यावर, मला झोप येईनाशी झाली. चाळणीबाई आजारी आहेत, सिडकोतल्या घरी भाच्याकडे असतात, असं कळलं. मी ठरवून गेलो. रिक्षात मनात वाक्यं जुळवत होतो. त्या खिडकीशी पलंगावर बसल्या होत्या. मोठी खिडकी होती. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की मला आल्या पावली परत जावंसं वाटलं. भाच्यानं पाणी आणलं. त्यांनी आपला पेला उजेडाकडे धरला, करंगळी बुडवायला गेल्या. पण ते जमेना, म्हणून तसंच प्यायल्या.

मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. मला तुमच्याशी एक बोलायचं होतं, लई दिवसांपासून."

मला वाटलं, त्यांना कळलं. मला जवळजवळ सुटल्यासारखं वाटलं.

"माझ्यापायी तुमच्या शेठसमोर तुमची मान खाली गेली, साहेब. तुम्ही जागा दिली, माणूस दिला, सणातही पंप चालू ठेवलात. आणि माझ्या शेळीनं ऐन वेळी दगा दिला. माझंच ओतणं कच्चं होतं. तेव्हा बोलायची हिंमत झाली नाय. मला माफ करा."

खिडकीतून ऊन त्यांच्या हातांवर पडलं होतं. भाचा दारात उभा होता. मी म्हणालो, "अहो मॅडम, त्यात काय एवढं. मी कधीच विसरलो ते."

"मनात ठेवलं नाय ना?"

"नाही हो."

त्यांनी डोळे मिटले आणि हसल्या. चहा झाला. बटाट्याचे भाव, जालना रोडवरची रहदारी, असलं काही बोलून मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी हाक मारली. "साहेब, तुम्हाला काय बोलायचं होतं का? तसे आल्यासारखे वाटलात."

"नाही," मी म्हटलं, "सहजच आलो होतो."

पुढच्या वेळी नक्की सांगायचं ठरवलं होतं. पुढच्या वेळी भाच्याचाच फोन आला. करमाडच्या पलीकडे त्यांच्या वस्तीवर त्यांना नेलं, तिथं मी मागे उभा होतो. त्यांचे जुने विद्यार्थी आपापसात बोलत होते. एक जण म्हणाला, मॅडमचं नशीबच नव्हतं, ऐन वेळी पडदा फुटला. दुसरा हळहळला. मी तिथंही बोललो नाही.

त्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की पडद्यात खोट नव्हती, ओतणं कच्चं नव्हतं. आणि ज्या प्रश्नाला मी शेठसमोर, रस्त्यात आणि त्यांच्या खिडकीशी बसून खोटं उत्तर दिलं, त्याचं खरं उत्तर मी आता देतो. ते ऐकायला त्या नाहीत.

होय मॅडम, पंप बंद होता. मीच बंद करायला लावला होता. मला माफ करा.